साहेबांचं मशीन, माझा ड्रायव्हर

साहेबांच्या डोंबिवलीच्या घरात सोफा नव्हता. सोफ्याच्या जागी कॉम्प्युटर होता. लोखंडी कपाटाएवढा उंच, रंगाने सरकारी, आणि चालू केला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज करणारा. त्याला मिनीकॉम्प्युटर म्हणतात. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांनी त्याआधी अख्खी खोली अडवणारे कॉम्प्युटर पाहिले असणार, म्हणून त्यांना कपाट मिनी वाटलं. वहिनींना, म्हणजे साहेबांच्या बायकोला, ते कधीच मिनी वाटलं नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका दाटीवाटीने दिवाणावर बसायच्या आणि वहिनी वाण देता देता म्हणायच्या, "जरा सरकून घ्या गं, आमच्याकडे सवत आहे."

साहेब म्हणजे माझे जुने साहेब. ठाण्याला बाळकुममध्ये आमची फॅक्टरी होती, तिथल्या कॉम्प्युटर विभागाचे ते प्रमुख आणि मी प्रोग्रॅमर. फॅक्टरी बंद पडली तेव्हा इतरांनी हिशेबाचे पैसे घेतले, साहेबांनी भंगाराच्या भावात हे मशीन घेतलं आणि टेम्पोत घालून घरी आणलं. आता फॅक्टरीच्या जागी टॉवर उभे आहेत. जिथे आमची फाउंड्री होती तिथे म्हणे पोहण्याचा तलाव आहे. मी बघायला गेलेले एकदा. वॉचमनने आत सोडलं नाही, आणि इथे मी नोकरीला होते असं सांगितल्यावर तर त्याचा संशय आणखीच वाढला.

गेल्या वर्षी साहेबांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. नवी बिल्डिंग होईपर्यंत शीळफाट्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचं ठरलं. तो फ्लॅट इतक्या वरच्या मजल्यावर की वहिनी म्हणाल्या, कावळेसुद्धा तिथे दम खाऊन येत असतील. मशीन तिथल्या लिफ्टमध्ये मावणार नव्हतं. परदेशातल्या मुलाने फोनवर निकाल दिला, "बाबा, भंगारात द्या." साहेब दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग ठाण्याच्या एका कॉलेजने मशीन घ्यायची तयारी दाखवली, पण अट घातली. नुसतं बंद धूड नको, मशीन चालू हवं आणि नेटवर्कवर हवं. मुलांना आपल्या लॅबमधून त्यात शिरता आलं पाहिजे. बिल्डिंग रिकामी करायच्या आत हे जमलं तर कॉलेज, नाहीतर भंगारवाला.

म्हणून साहेबांनी मला फोन केला. म्हणाले, "बाई, तुमचा तो ड्रायव्हर परत एकदा बघावा लागेल."

आता हा ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आमच्या घरीही पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं की साहेबांनी गाडी घेतली. कॉम्प्युटरमध्ये नवीन कार्ड बसवलं की त्याच्याशी कसं बोलायचं ते मशीनला शिकवावं लागतं. ते शिकवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. हल्ली तो आपोआप येतो. तेव्हा आमच्या मशीनसाठी नेटवर्कचं कार्ड मिळालं, पण त्याचा ड्रायव्हर मिळेना. तो मी लिहिला. पंचविशीत होते, लग्न ठरायचं होतं, टेंभी नाक्याजवळच्या आमच्या दीड खोलीत रात्री सगळ्यांनी गाद्या घातल्या की मी कोपऱ्यात मांडीवर पाटी घेऊन कागदावर प्रोग्रॅम लिहायचे. आई म्हणायची, ही काय पत्रं लिहिते कोण जाणे, आणि कोणाला.

ड्रायव्हर चालला. स्टोअर्समधल्या टर्मिनलवरून आमच्या मशीनमध्ये शिरता यायला लागलं. काही आठवडे मी फॅक्टरीत जमिनीवरून दोन बोटं चालत होते. मग एका जोडून आलेल्या सुट्टीनंतर कामावर आलो, तर नेटवर्क बंद. का, ते कळेना. मी लिहिलेली ओळ न् ओळ तपासली, चूक सापडेना. साहेबांनी सर्व्हिस इंजिनिअरला बोलावलं. त्याने कार्डाची चाचणी घेतली आणि सांगितलं की कार्ड ठणठणीत आहे. कार्ड ठणठणीत, मशीन ठणठणीत, मग उरलं कोण? वड्याचं तेल वांग्यावर यायला वेळ लागला नाही. "ड्रायव्हर कच्चा आहे," असं साहेबांनी वर कळवलं आणि मला स्टोअर्स विभागात पाठवलं. तिथे मी फॅक्टरी बंद पडेपर्यंत नटबोल्टांचे साठे टाईप केले. त्यानंतर मी एकही प्रोग्रॅम लिहिला नाही. कोणी मनाई केली नव्हती. माझीच हिंमत गेली होती.

साहेब मात्र कधी वाईट वागले नाहीत. उलट कोणाच्या निवृत्तीला, कोणाच्या मुलाच्या लग्नाला जुनी मंडळी जमली की ते मोठ्या प्रेमाने माझी ओळख करून द्यायचे, "ह्यांच्या ड्रायव्हरला लायसन्सच नव्हतं!" सगळे हसायचे. मीही हसायचे. हसून घरी यायचे आणि भांडी जरा जोरात घासायचे.

तर खरं सांगायचं म्हणजे, मी साहेबांच्या मशीनसाठी गेले नाही. कॉलेजसाठी तर नाहीच. मला एवढंच बघायचं होतं की त्या पंचवीस वर्षांच्या मुलीला खरंच काही येत होतं का नव्हतं. भंगारवाला मशीन घेऊन गेला असता तर ते मला कधीच कळलं नसतं.

दुपारची जेवणं उरकून मी कल्याणहून रिक्षाने साहेबांकडे जायला लागले. पहिल्या दिवशी मशीन चालू केलं तर आवाजाने वरच्या मजल्यावरून माणूस खाली आला. त्याला वाटलं, बिल्डरने पाडायला सुरुवात केली. साहेबांनी त्याला आत बोलावून सगळं मशीन दाखवलं. बिचारा परत आला नाही.

माझा ड्रायव्हर डिस्कवर जसाच्या तसा होता. मी चष्मा लावून तो वाचायला घेतला. आपणच लिहिलेलं इतक्या वर्षांनी वाचणं हा विचित्र प्रकार असतो. मी त्या मुलीवर संशय घेऊन वाचत होते, सुनेने केलेली भाजी सासूने चाखावी तशी. आणि सासूला काही सापडेना. मुलीने नीट लिहिलं होतं. जिथे घाई केली असेल असं वाटलं तिथेही घाई केली नव्हती. एकदोन ठिकाणी तर तिने जे केलं होतं ते मला आता समजायलाच अर्धा तास लागला.

"ह्यात चूक दिसत नाही, साहेब," मी म्हणाले.

"तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात," साहेब शांतपणे म्हणाले आणि पेपर उलटला.

माझ्या तोंडात आलेली शिवी मी वहिनींच्या थालीपिठाबरोबर गिळली. थालीपीठ चांगलं होतं.

दुखणं तेव्हाचंच होतं. ड्रायव्हरला कार्ड दिसायचं. कार्ड विचारल्या प्रश्नांना उत्तरं द्यायचं, मी ठणठणीत आहे म्हणायचं. पण माझ्या लॅपटॉपवरून हाक मारली की गप्प. जुन्या जाड वायरीतून आजच्या वायरीत आणणारा एक डबा मी मुद्दाम मागवला होता, तो बदलून पाहिला. वायरी बदलल्या. नेटवर्कचे पत्ते बदलले. वहिनींनी सुचवलं म्हणून मशीनची दृष्टसुद्धा काढली. मीठमोहऱ्या गॅसवर तडतडल्या, नेटवर्क तसंच. साहेब रोज संध्याकाळी कॉलेजच्या सरांना फोन करून "काम प्रगतिपथावर आहे" असं सांगायचे. बाहेर बिल्डिंगमधले लोक सामान हलवायला लागले होते. जिन्यात गाद्या, मिक्सर, गणपतीचं मखर. भंगारवाला एकदा येऊन मशीनला प्रदक्षिणा घालून गेला. साहेबांनी त्याला पाणीही विचारलं नाही.

शेवटी मी ओळी वाचणं सोडलं आणि मशीनचं पुस्तक वाचायला घेतलं. असल्या मशीनच्या नादी लागलेल्या परदेशी म्हाताऱ्यांनी ही पुस्तकं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत. देव त्यांचं भलं करो. तेव्हा हे पुस्तक आम्हा प्रोग्रॅमर लोकांना मिळायचं नाही. हार्डवेअर हा साहेबांचा प्रांत. मशीनच्या मागच्या दाराची चावी त्यांच्या जानव्याला बांधलेली असायची. दार उघडायचं म्हणजे साहेब आधी भिंतीकडे तोंड करणार, शर्टाची बटणं सोडणार, आणि विभागातल्या आम्ही दोघी मुली खिडकीबाहेर बघणार. ती चावी मागायची छाती कोणाची होती?

पुस्तकात एक गोष्ट निघाली. कार्डाकडे बाहेरून निरोप आला की त्याला मुख्य मशीनला हाक मारावी लागते. हाक मारायची परवानगी लागते, आणि ती परवानगी मशीनकडून निघून कार्डं बसवायच्या एका खाचेतून दुसऱ्या खाचेत, पुढे पुढे सरकत येते. आरती झाल्यावर तबक हातोहात पुढे जातं ना, तसं. मध्ये एखादी खाच रिकामी राहिली की तबक तिथेच थांबतं, पुढच्यांना मिळत नाही. म्हणून रिकाम्या खाचेतही एक लहानसं कार्ड बसवावं लागतं. त्यावर काही नसतं. ते फक्त इकडून घेतं आणि तिकडे देतं.

मी साहेबांना म्हणाले, "मागचं दार उघडा."

चावी अजून जानव्यालाच होती. बटणं, भिंत, सगळं यथासांग झालं. मी मोबाईलचा उजेड आत मारला. ओळीने कार्डं होती. शेवटच्या खाचेत माझं नेटवर्कचं कार्ड. आणि त्याच्या आधीची खाच रिकामी.

"साहेब, ही खाच रिकामी का आहे?"

"ती रिकामीच असते. तिथे काही नव्हतं." मग वाकून आत बघत म्हणाले, "म्हणजे, एक कोरं कार्ड होतं. त्यावर काही नव्हतंच."

"होतं? मग गेलं कुठे?"

साहेबांना आठवेना. मी हाताने माप दाखवलं. एवढंसं, हिरवं, वर चिप नाही, काही नाही, नुसत्या तांब्याच्या रेघा. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ते आपल्या देवघरात आहे ते तर नव्हे?"

अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्यामागे, भिंतीला टेकवून, ते उभं होतं. हळदीकुंकवाचे इतके थर की हिरवा रंग फक्त कडेला दिसत होता. समोर ताजं फूल वाहिलेलं.

मग साहेबांना आठवायला लागलं आणि ते सांगायला लागले, एकेक वाक्य. खंडेनवमीला फॅक्टरीत सगळे विभाग आपापली हत्यारं पाटावर मांडायचे. फिटर हातोडा ठेवायचे, ड्रॉइंगवाले त्यांची पट्टी, कँटीनचा आचारी झारा. आमचा विभाग दरवर्षी टेपचं एक रीळ ठेवायचा. त्या वर्षी फोरमन म्हणाला, "एवढं मोठं मशीन आणि पूजेला नुसती फीत?" साहेबांना ते लागलं. मशीन तर पाटावर ठेवता येत नव्हतं. मग मशीनमधलंच काहीतरी ठेवायचं, पण मशीनला धक्का लागायला नको, म्हणून साहेबांनी रीतसर मशीन बंद करून, नीट विचार करून, ज्यावर काहीच नाही असं कार्ड काढलं. पूजेत मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणून हलवलं नाही. दसऱ्यानंतर उचललं तर ते कुंकवाने भरलेलं. तसलं मशीनमध्ये परत कसं घालायचं? घरी नेऊन पुसू, म्हणून पिशवीत टाकलं. घरी वहिनींनी पिशवी उघडली, अक्षता आणि कुंकू पाहिलं, आणि कार्डाला देवघरात जागा दिली. मशीन त्याच्याशिवायही सुरू झालं. डिस्क चालत होती, टर्मिनल चालत होती, कारण त्यांची कार्डं त्या खाचेच्या आधी होती. साहेब विसरले.

जोडून आलेली सुट्टी. ती खंडेनवमी आणि दसरा होती.

"मी त्याला रोज हळदीकुंकू लावते, फूल वाहते," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, मशीनचा प्राण आहे. मुलाचं इंजिनिअरिंग, ह्यांचं बायपास, सगळ्याच्या वेळी मी त्याच्यापुढे दिवा लावलाय." म्हणजे त्या कार्डाने इतकी वर्षं नेटवर्क सोडून बाकी सगळं चालवलं होतं.

मी हात पुढे केला तर वहिनी म्हणाल्या, "थांब, असं नाही उचलायचं." त्यांनी अक्षता वाहिल्या, पुटपुटत पुनरागमनाय च म्हटलं, आणि मग कार्ड जरासं हलवून माझ्या हातात दिलं. गणपतीची उत्तरपूजा करतात तशी, फक्त मोरया म्हणायचं बाकी राहिलं. मी ते स्पिरिटने धुतलं. टोकाच्या तांब्याच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. खोडरबर लाल झालं, कापूस पिवळा. साहेब समोर बसून बघत होते.

मशीन बंद केलं, कार्ड रिकाम्या खाचेत बसवलं, मशीन चालू केलं. गिरणी सुरू झाली. मी ड्रायव्हर चढवला. तोच, तेव्हाचा. लॅपटॉपवरून हाक मारली.

उत्तर आलं. मग परत आलं. मग एकामागून एक, ओळीखाली ओळ, लॅपटॉपचा पडदा भरून वर सरकायला लागला. मी ते थांबवलं नाही. वहिनींनी विचारलं, "झालं का गं?" मी मान हलवली.

मला वाटलं होतं की आनंद होईल. झाला नाही. राग आला. मी म्हणाले, "साहेब, तुम्ही मला स्टोअर्सला पाठवलेलंत."

"हो," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही तेव्हा मला विचारायला हवं होतं, आत काय काय आहे ते."

"चावी कुठे होती, साहेब?"

त्यांनी नकळत छातीवर हात नेला. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं असेल असं मला वाटत नाही. साहेब उठले, फोनपाशी गेले आणि कॉलेजच्या सरांना फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"मशीन नेटवर्कवर आलं," ते म्हणाले. पलीकडून अभिनंदन आलं. "वा, वा. म्हणजे ड्रायव्हर दुरुस्त झाला शेवटी?"

"नाही," साहेब म्हणाले. "ड्रायव्हरमध्ये एक अक्षरही बदललेलं नाही. तो आमच्या बाईंनी लिहिलाय. पहिल्यापासून बरोबर होता. कार्ड मी काढून ठेवलं होतं." मग म्हणाले, "मशीनशेजारी पाटी लावाल ना, त्यावर त्यांचं नाव घाला. माझं नको."

पलीकडचे सर काही समजले नसावेत. "बरं, बरं," म्हणाले आणि टेम्पो कधी पाठवू ते विचारायला लागले.

साहेब माझ्याकडे वळले नाहीत. फोन ठेवून तिथेच, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी लॅपटॉप बंद केला, पिशवी उचलली. वहिनी दारापर्यंत आल्या, माझा हात धरला आणि सोडेनात. मी कशीबशी म्हणाले, "वहिनी, येते."

कल्याणला घरी पोचले तेव्हा नवरा टीव्हीसमोर शेंगा सोलत बसला होता. लग्नाआधीपासूनची ही गोष्ट त्याला ठाऊक आहे. स्टोअर्समधल्या माझ्या सगळ्या संध्याकाळी त्यानेच ऐकून घेतल्या आहेत.

"काय गं, चाललं का आज?" त्याने विचारलं.

"माझं चालत होतं रे," मी म्हणाले. "तेव्हासुद्धा चालत होतं."

त्याने टीव्ही बंद केला. मी चपला न काढता तिथेच खुर्चीत बसले आणि रडले.